बांधावरचे ढेकूळ

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले आहेत. एका परिचित शेतकऱ्यांनी त्यांच्या जमिनीतली दोन ढेकळे मला दिली होती. एक शेताच्या मधोमध उचललेले, जिथे कित्येक वर्षे दर हंगामाआधी नांगर फिरत आला आहे. आणि दुसरे तिथून दहा-बारा पावलांवरच्या बांधावरचे, जिथे गवत आपल्या मनाने वाढते आणि फाळ कधी लागलेला नाही. मातीची जात एकच, पाऊस एकच, ऊनही एकच. "सावलीत आठवडाभर वाळू द्या, मग पाण्यात सोडा आणि बघत बसा. बाकीचं आपण नंतर बोलू," एवढेच ते म्हणाले.

मी तसे केले. तारेची जाळी वाकवून पेल्यात अडकवली, पाणी भरले आणि ढेकळे अलगद जाळीवर ठेवली. शेतातले ढेकूळ पाण्याला टेकताच त्याच्या अंगातून बुडबुडे सुटू लागले, कडा ढासळल्या आणि दोन-तीन मिनिटांत जाळीवर काही उरले नाही. तळाशी चिखलाचा थर आणि वर गढूळ पाणी. बांधावरच्या ढेकळानेही चार बुडबुडे सोडले, पण ते जागचे हलले नाही. त्यातून बाहेर आलेला केसाएवढा मुळाचा तंतू पाण्यात डुलत होता, आणि पेल्यापलीकडे ठेवलेल्या वहीवरची अक्षरे पाण्यातून स्वच्छ वाचता येत होती.

यामागचे कारण सोपे आहे. कोरड्या ढेकळात पाणी वेगाने शिरते, आतली हवा कोंडते आणि तिच्या दाबाने मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. ज्या मातीत मुळांचे जाळे, बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेले चिकट पदार्थ असतात, तिचे कण हा दाब सोसून एकमेकांना धरून राहतात. पेल्यात जे दोन मिनिटांत घडले तेच शेतात पहिल्या जोराच्या पावसात घडते. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे सोडून वाहू लागते आणि जाताना वरचा सुपीक थर घेऊन जाते. निसर्गाला एक सेंटिमीटर माती घडवायला शेकडो वर्षे लागू शकतात. ती वाहून जायला दोन-चार वाईट पावसाळे पुरतात.

जगाची लोकसंख्या आणि अन्न हा विषय मी अनेक वर्षे आकड्यांतूनच वाचत आलो. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानुसार १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला. त्यांच्याच २०२४ च्या अंदाजाप्रमाणे हा आकडा २०८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १,०३० कोटींवर पोहोचून मग हळूहळू उतरू लागेल. असे आकडे समोर आले की मन आपोआप बेरीज-वजाबाकीला लागते. इतकी तोंडे, इतकी जमीन, एकरी इतके उत्पादन, मग तूट किती आणि ती कशी भरायची. या गणितात जमीन म्हणजे एक सपाट पाटी असते, जिच्यावर हवा तो आकडा लिहावा. त्या दोन पेल्यांनी माझ्या मनातली ती पाटी पुसली. आज आपण जे पिकवतो त्यातले किती खरोखर उत्पन्न आहे आणि किती भांडवल मोडून खाल्लेले आहे, हा प्रश्न मला आता उत्पादनाच्या प्रश्नाइतकाच, खरे तर त्याहून अगोदरचा वाटतो.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो नत्रात, म्हणजे नायट्रोजनमध्ये. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बिलगलेले असतात की वनस्पतीला त्याचा थेट काही उपयोग होत नाही. भर समुद्रात तहानलेल्या माणसासारखी पिकाची अवस्था असते. १८९८ साली विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात बजावले होते की गहू खाणाऱ्यांची संख्या गव्हाच्या पुरवठ्यापुढे जाते आहे आणि हवेतला नायट्रोजन पकडण्याची युक्ती रसायनशास्त्रालाच शोधावी लागेल. अकरा वर्षांनी, १९०९ मध्ये, फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेतल्या उपकरणातून अमोनियाची धार काढून दाखवली. कार्ल बॉश यांनी त्या उपकरणाचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे तो सुरू झाला. प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंशांचे तापमान आणि लोहाचे उत्प्रेरक यांच्या जोरावर हवेतून खत तयार होऊ लागले. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात स्फोटकेही बनली, हे विसरून चालणार नाही. पण ज्या शतकाच्या आरंभी माणसे सुमारे १६० कोटी होती, त्या शतकात ती सहाशे कोटींवर गेली आणि जेवू शकली, त्यामागे या शोधाचा वाटा फार मोठा आहे. आज जगातल्या साधारण निम्म्या लोकांचे अन्न या कारखानी नत्रावर उभे आहे, असे अभ्यासक मांडतात. माझ्या हाताच्या स्नायूंतल्या नत्रापैकी बराचसा कधी तरी एखाद्या कारखान्याच्या पोलादी नळीतून गेलेला आहे, हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा मी बराच वेळ आपल्याच हाताकडे पाहत राहिलो होतो.

म्हणूनच रासायनिक खताला विष म्हणून हिणवणाऱ्यांच्या सुरात मला सूर मिसळता येत नाही. ज्याने अब्जावधी ताटे भरली त्याच्याविषयी कृतज्ञता असली पाहिजे. पण त्याच खताच्या हिशेबाची दुसरी बाजू वाचताना पोटात खड्डा पडतो. जगभरात पिकांना घातलेल्या नत्रापैकी जेमतेम निम्मे पिकात उतरते. उरलेले पाण्याबरोबर झिरपते, वाहते किंवा वायू होऊन उडते. त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांवरून वाहून आलेल्या नत्रामुळे आणि स्फुरदामुळे (म्हणजे फॉस्फरसमुळे) मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात शेवाळ माजते, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळाचा समुद्र ओसाड होतो. २०१७ मध्ये या मृत पट्ट्याचे क्षेत्र साडेबावीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक मोजले गेले. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले खत ज्या पिकाला हवे होते त्याला मिळाले नाही, आणि ज्या माशांना ते नको होते त्यांच्यापर्यंत मात्र पोहोचले.

नत्र मिळवण्याची जुनी वाट आजही शाबूत आहे आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. फुलोऱ्यावर आलेले कोणतेही कडधान्याचे झाड ओल्या जमिनीतून खुरप्याने अलगद सोडवून काढावे, ओढून उपटू नये, नाही तर जे पाहायचे तेच मातीत राहते. मुळे पाण्यात हलवून धुतली की त्यांना मोहरीएवढ्या, काही थोड्या मोठ्या गाठी चिकटलेल्या दिसतात. एक गाठ नखाने फोडली की आत गुलाबी, जवळजवळ रक्तासारखा लालसर गर दिसतो. तो रंग ज्या द्रव्याचा आहे ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे जवळचे भावंड आहे. गाठीतल्या जिवाणूंना नायट्रोजन फोडताना भोवती मोकळा प्राणवायू नको असतो, पण जगायला तर तो लागतोच. हे द्रव्य प्राणवायूला बांधून ठेवते आणि बेताबेताने पुरवते. आत गुलाबी असेल तर गाठ कामावर आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर तिचे काम थांबले आहे. जे करायला कारखान्याला चारशे अंशांची धग लागते, ते हा इवलासा गोळा पायाखालच्या मातीत साध्या तापमानाला करत असतो, आणि त्याची मजुरी म्हणून झाडाकडून थोडी साखर घेतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये या भागीदारीचा पुरावा मांडला. शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून धान्यानंतर कडधान्य घेत आले आहेत. आपल्या भाषेत त्यासाठी बेवड हा नेमका शब्द आहे. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत काय ठेवले, हे त्या एका शब्दात सामावलेले आहे. मला हा शब्द अतिशय प्रिय आहे, कारण अन्नधान्याच्या आजच्या बहुतेक चर्चांत नेमकी हीच विचारणा गायब असते.

मग सगळीकडे कडधान्यांची फेरपालट करा आणि कारखाने बंद करा, असे म्हणायचे का? मला तसे म्हणता येत नाही. कडधान्याने बांधलेले नत्र बरेचसे त्याच्याच दाण्यांत जाते आणि दाण्यांबरोबर शेताबाहेर पडते. जमिनीच्या वाट्याला येते ते उरलेले. शिवाय ज्या हंगामात जमीन हिरवळीच्या खतासाठी दिली, त्या हंगामात तिथे धान्य नसते. हजार कोटी माणसांच्या हिशेबात ही गोष्ट लहान नाही. घाई केली तर काय होते हे श्रीलंकेने २०२१ मध्ये पाहिले. सरकारने त्या वर्षी मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पर्यायी खत पुरेसे नव्हते, शेतकऱ्यांची तयारी नव्हती, जमिनीलाही वेळ मिळाला नव्हता. नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचे उत्पादन घसरले होते आणि त्याची झळ ज्यांच्या घरी आधीच जेमतेम होते त्यांना बसली. त्या निर्णयामागचा हेतू मी वाईट म्हणणार नाही, पण जमिनीची सवय अध्यादेशाने बदलत नाही. ज्या पायऱ्यांनी वर चढलो त्याच पायऱ्यांनी एकेक करत खाली उतरावे लागते. खत मातीपरीक्षण करून, पिकाला लागेल तेव्हा, थोडे थोडे आणि मुळाशी देणे. धान्याच्या मधे कडधान्याची ओळ घेणे. काढणीनंतर जमीन उघडी न ठेवता काही तरी हिरवे पेरून ठेवणे. ही कामे दिसायला किरकोळ आहेत, त्यांच्यावर मथळे छापून येत नाहीत, पण वाया जाणारे निम्मे नत्र वाचवायचे असेल तर वाट यांच्यातूनच जाते.

नत्राला निदान हवेचे कोठार आहे. स्फुरदाला तेही नाही. तो खडकातून खणून काढावा लागतो, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एका टापूत आहेत. खाणीतून निघालेला स्फुरद शेतात जातो, शेतातून धान्यात, धान्यातून आपल्या पोटात आणि तिथून गटारावाटे नदीत नि समुद्रात. हा रस्ता जवळजवळ एकेरी आहे. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड या किमयागाराला सोन्याच्या शोधात असताना मूत्र आटवून अंधारात उजळणारा एक पदार्थ मिळाला, तोच फॉस्फरस. ज्या द्रवात त्याला तो सापडला तो द्रव आपण आजही पिण्याच्या पाण्याने ढकलून देतो आणि मग तेच मूलद्रव्य वाळवंटातून जहाजाने मागवतो. जर्मनीने २०१७ मध्ये केलेल्या नियमानुसार २०२९ पासून तिथल्या मोठ्या सांडपाणी प्रकल्पांना गाळातला स्फुरद परत मिळवावा लागणार आहे. अन्नउत्पादनाच्या चर्चेत सांडपाण्याचा विषय काढला की लोक नाक मुरडतात, हे मी पाहिले आहे. तरीही मला वाटते की शहर आणि शेत यांच्यातला हा तुटलेला दुवा सांधल्याशिवाय टिकाऊ शेती हा शब्द उच्चारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

ताटाविषयीही बोलायला हवे, पण थोडक्यात, कारण त्याविषयी बरेच बोलले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न विक्रीच्या टप्प्यावर, खानावळींत आणि घरांत वाया गेले, आणि त्यातले साठ टक्के घरांतले होते. २०२४ साली सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की कुणालाही वाटेल, उरलेले उचलून तिकडे दिले की झाले. तसे होत नाही. भुकेले माणूस उपाशी असते ते बहुतेकदा त्याच्या हाती पैसा, जमीन किंवा शांतता नसल्यामुळे. पण फेकलेल्या प्रत्येक घासात जमिनीचा कस, पाणी आणि नत्र होते, आणि तेवढी माती विनाकारण झिजली, हे तर खरेच आहे. जगातल्या शेतजमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमीन गुरांच्या चराईत आणि चाऱ्यात गुंतलेली आहे, आणि त्यातून माणसांना मिळणाऱ्या उष्मांकांचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. यातली बरीच कुरणे नांगराखाली येण्याजोगी नाहीत, आणि जिथे दुसरे काही उगवत नाही तिथे गवताचे दूध करणारे जनावर हे वरदानच आहे. प्रश्न आहे तो माणसाला थेट खाता येईल असे धान्य सुपीक जमिनीवर पिकवून जनावरांपुढे घालण्याचा.

मला सर्वांत अधिक आशा वाटते ती एका अगदी वेगळ्या दिशेने चाललेल्या कामात. आपली मुख्य धान्ये एका हंगामाची असतात. दरवर्षी जमीन उकरायची, पेरायची, आणि काढणी झाली की मुळे मरून जायची. बांधावरच्या गवताचे तसे नसते. म्हणूनच ते ढेकूळ पाण्यात टिकले. मग धान्यच बहुवर्षायू का करू नये, असा विचार काही संशोधक गेली कित्येक दशके करत आले आहेत. चीनमधील युन्नान प्रांतातल्या शास्त्रज्ञांनी लागवडीचा भात आणि आफ्रिकेतला त्याचा एक बहुवर्षायू रानटी भाऊबंद यांचा संकर करून पीआर २३ नावाचा वाण तयार केला आणि तो २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. एकदा लावलेल्या भाताने चार वर्षांत सलग आठ कापण्या दिल्या, उत्पादन दरवेळी नव्याने लावलेल्या भाताच्या तोडीस तोड राहिले आणि मजुरी मोठ्या प्रमाणात वाचली, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. त्या जमिनीतला सेंद्रिय कर्बही वाढला. चार वर्षांनंतर उतारा घटतो आणि पुन्हा लावणी करावी लागते, तणे आणि रोगही काही प्रमाणात वाढतात, हेही त्यातच सांगितले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९७६ पासून काम करणाऱ्या लँड इन्स्टिट्यूटने केर्न्झा नावाचे बहुवर्षायू धान्य विकसित केले आहे. त्याची मुळे जमिनीत दहा फुटांपर्यंत खोल जातात, पण दाणा गव्हापेक्षा बारीक आणि उत्पादन बरेच कमी आहे. ही कामे माणसाच्या आयुष्याच्या मानाने संथ चालतात. एक पिढी बी निवडते आणि त्याचा भात कदाचित तिसरी पिढी खाते.

संथपणाविषयी माझी पहिली अधीरता ओसरली ती इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथल्या शेतांविषयी वाचल्यावर. तिथे जॉन लॉज यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा जो प्रयोग सुरू केला तो आजही चालू आहे. ज्या पट्ट्याला तेव्हापासून काहीच खत दिलेले नाही, तो आजही हेक्टरी सुमारे एक टन गहू देतो. खत मिळणारे पट्टे त्याच्या कित्येक पट देतात. पण मला अधिक भावले ते जवळच्याच हूसफील्ड या शेतातले एक वाकुरे, म्हणजे आखून घेतलेला छोटा तुकडा. १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे त्याला दरसाल शेणखत घातले आणि मग थांबवले. त्यानंतर कुणी त्यात एक पाटीही टाकलेली नाही. तरीही शेजारच्या, कधीच खत न मिळालेल्या वाकुऱ्यापेक्षा त्या मातीत आजही सेंद्रिय पदार्थ जास्त आहे. ज्यांनी ते शेणखत पाठीवर वाहिले, पसरले, त्यांची नातवंडेही आता हयात नसतील. त्या वीस वर्षांचे श्रम अजून मातीत मोजता येतात.

परवा त्या शेतकऱ्यांना फोन करून पेल्यांत काय झाले ते सांगितले. त्यांना त्याचे नवल वाटले नाही. या वर्षी शेताच्या एका कडेला चार मीटर रुंदीचा पट्टा न नांगरता ठेवणार आहेत, मधल्या काळात त्यात कडधान्य आणि गवत मिसळून पेरणार आहेत. नांगर टाळला की तण वाढते, ते मारायला औषध फवारले तर एक चूक सुधारून दुसरी केल्यासारखे होईल, म्हणून तण हाताने आणि आच्छादनाने किती आवरते ते आधी लहानशा पट्ट्यातच पाहायचे, असे त्यांनी ठरवले आहे. तिथले ढेकूळ पाण्यात टिकायला किती दिवस लागतील, असे मी विचारले.

"दिवस नाही विचारायचं," ते म्हणाले. "चार-पाच वर्षं धरून चला. दरवर्षी एक पाठवतो, तुम्ही पेला तयार ठेवा."

शेतातल्या ढेकळाचा गाळ आता तळाशी बसला आहे आणि वरचे पाणी निवळू लागले आहे. दुसऱ्या पेल्यातले ढेकूळ तिसऱ्या दिवशीही जाळीवर तसेच आहे.